प्रोजेक्टरसमोरचा पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. जन्माने साडीच्या खोक्याचं झाकण. जयमालाबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना साडी दिली. साडी कपाटात गेली आणि मी त्यांच्या यजमानांच्या, चांगदेव मास्तरांच्या हाती आलो.

किहीमच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, खिडक्यांना काळं कापड लावून, बाई परदेशी सिनेमे दाखवतात आणि संवादांचा अर्थ मराठीत सांगतात. पडद्यावर कुणी कुणाच्या फार जवळ आलं, की मास्तरांनी आवाज बंद करून मला प्रोजेक्टरसमोर धरायचं, असा वाचनालयाच्या मंडळाचा ठराव. सहा वर्षांत मी कितीतरी चुंबनं अंगावर घेतली. साडीच्या खोक्याला याहून जास्त काय हवं?

मग बाईंनी जपानी सिनेमा आणला. एक विधवा आणि एक फण्या करणारा कारागीर घराला आतून कडी घालतात आणि एकमेकांत असे गुंततात, की खाणंपिणं, जग, सगळंच सुटतं. शेवटी तो मरतो. हा सिनेमा गावाला दाखवायचाच, असं बाईंच्या मनात कित्येक वर्षं होतं.

"यातली गोष्ट त्यांच्या शरीरांनीच सांगितलीय," त्या म्हणाल्या. "पुठ्ठा धरलात तर उरेल काय?"

मास्तर म्हणाले, ठराव म्हणजे ठराव.

दोन तासांतला सव्वा तास मी प्रोजेक्टरसमोर होतो. लोकांना दिसलं ते दार, हात न लावलेला भात आणि पुन्हा दार. मला कधी काढायचं ते कळावं म्हणून मास्तरांना मात्र लॅपटॉपवर सगळं बघावं लागत होतं. म्हणजे गावाची अब्रू राखणारा माणूसच तेवढा सिनेमा बघत होता. आधी त्यांचे कान लाल झाले. नंतर ते लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकले.

दिवे लागले तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. पहिल्या रांगेतली मासळी विकणारी नीराबाई तेवढी जागची हलली नव्हती.

"मास्तर, तो मानूस मेला कशानं? धडधाकट तर व्हता."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. "तिला त्याला सोडवत नव्हतं," ते म्हणाले, "आणि त्यालाही सुटायचं नव्हतं."

"मंग त्येच आमाला का न्हाय दाखवलं?"

याचं उत्तर ठरावात नव्हतं.

पुढच्या महिन्यात मंडळाने ठराव बदलला आणि दारावर 'फक्त मोठ्यांसाठी' अशी पाटी लावून तोच सिनेमा पुन्हा लागला. मास्तरांनी स्वतःच माझ्या चार घड्या घातल्या आणि मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. इथून फक्त माणसांचे पाय दिसतात. तसला पहिला प्रसंग आला तेव्हा मी धास्तावून दाराकडे बघत होतो, पण एकही पाय तिकडे वळला नाही. मास्तरांचा पाय तेवढा सरकत सरकत बाईंच्या पायाला जाऊन टेकला.

आता या दोघांसमोर धरायला मला बोलावतील, असं मला वाटलं. कुणी बोलावलं नाही. झाडलोट करणाऱ्यांना एकच विनंती आहे, मला इथून काढू नका.