कोलेस्टेरॉल उतरलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं, दमलेलं यकृत आहे. एका शिंप्याच्या उजव्या बरगड्यांखाली माझा मुक्काम. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन मी बनवायचं, रक्त गोठवणारी प्रथिनं मी बनवायची, कोलेस्टेरॉलही बरंचसं माझ्याच हातचं. तरी गाणी सगळी शेजारच्या हृदयावर!

हे शिंपी, म्हणजे आमचे दादा, दिवसभर शिलाई मशीनवर बसायचे आणि गोड चहा ढोसायचे. माझ्यात चरबी साठली, रक्तात कोलेस्टेरॉलही वाढलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चाला. यकृताची तपासणीही करून घ्या." दादा "हो हो" म्हणाले आणि पुन्हा मशीनवर बसले. वर्षं गेली. माझ्यात जागोजागी टणक व्रण झाले.

मग एकदा रक्ताचा अहवाल आला. कोलेस्टेरॉल चांगलंच घसरलेलं!

"बघ, न चालता उतरलं!" दादा बायकोला म्हणाले.

मी आत नुसता तळमळत होतो. अहो, ते आपण होऊन उतरलं नव्हतं. मला ते पुरेसं बनवताच येत नव्हतं!

पुढे विजार कमरेत आवळू लागली. दुसरा कोणी घाबरला असता. दादांनी शिवण उसवून कंबर सैल केली. पुन्हा आवळली, पुन्हा उसवली. हातात कला असली की माणूस स्वतःलाही फसवतो. माझं प्रथिन कमी पडत होतं, म्हणून पाणी रक्तातून झिरपून पोटात आणि पायांत साचत होतं. बोटाला सुई टोचली तर रक्त लवकर थांबेना.

शेवटी बायकोनंच त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. पोट मोजलं, मग दंड मोजला.

"अहो, पोट सुटतंय आणि दंड वाळतायत. हे कसलं बाळसं? चला दवाखान्यात."

"अगं, गिऱ्हाईक यायचंय."

"गिऱ्हाईक थांबेल. तुमचं दुखणं थांबणारे का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्रण पुसता येणार नाहीत. उरलंय ते सांभाळू या." आता औषधं आहेत, अळणी जेवण आहे, वेळच्या वेळी तपासण्या आहेत. मी जीव तोडून काम करतोय.

मित्रांनो, मी बहुधा दुखत नाही, म्हणून मला विसरू नका. एखादा आकडा खाली आला म्हणून हुरळू नका. तो का आला, तेही विचारा.

दादा हल्ली मशीन थांबवून बरगडीवर हात ठेवतात. "बाबा रे, पोरीचं शिक्षण होईपर्यंत कळ काढ," म्हणतात. काढतोय, दादा. पण तेवढी ताकद माझ्यात उरली आहे का, हे मलाच ठाऊक नाही.