मंत्रावर तापणारा त्रिशूळ

डाळज गावच्या देवळापुढं भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. रावजीची छकुली चार दिवस तापानं फणफणत होती आणि गावात उतरलेल्या अंगारबाबांनी निकाल दिला होता, "करणी हाय. करणाऱ्याच्या हातात त्रिशूळ तापंल. विस्तव न्हाय, तार न्हाय, निव्वळ सत्त्व."

आम्ही रांग लावली. बाबा दोन शब्द पुटपुटत आणि त्रिशूळाचं मधलं टोक तळहातावर टेकवत. माझ्या हाताला ते गार लागलं. सुटलो असं वाटलं, हे कबूल करतो.

शेवटी ठमाबाई. एकटी विधवा, ताप यायच्या आदल्या दिवशी तिनं छकुलीला पेरू दिला होता. तिच्या वेळी बाबांचा मंत्र संपेचना. मग टोक टेकलं आणि म्हातारी किंचाळली. हातावर टरारून फोड आला.

"गावाबाहेर काढा हिला," कुणीतरी म्हणालं. माणसं पुढं सरकली.

सावळारामची सून योगिनी आडवी आली. ती बारामती एमआयडीसीत सर्किट जोडते. "सगळ्यांना दोन शब्द आन् ठमाकाकूला एवढा मंत्र का? रावजीभाऊ, त्रिशूळाच्या दांड्याला गुंडाळलेलं भगवं फडकं सोडा."

"हात लावशील तर भस्म होशील," बाबा गरजले.

रावजीच्या हातात काठी होती. "पोरीला काय झालं तर?"

"आत काय न्हाय निघालं तर काकूसंगं मीबी गाव सोडते."

रावजीनं काठी टाकून फडकं धरलं. बाबांनी दांडा मागं ओढला, त्या हिसक्यातच फडकं सुटलं. आत ड्रिल मशिनची बॅटरी, एक बटण आणि पोकळ दांड्यात शिरलेल्या दोन तारा.

"टोकात सोल्डरिंग आयर्न बसवलंय," योगिनी म्हणाली. "तारा जोडायला कथील वितळवतात, ते. कमी व्होल्टचं आसलं की आसल्या बॅटरीवर चालतं. शेतात लाईट नसली की मी तसंच चालवते. बटण दाबल्यावर तापायला मिनिटभर लागतं. तेवढाच ह्यांचा मंत्र."

बाबांना चौघांनी धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत. रावजीनं छकुलीला उचलून गाडीत घातलं आणि ठमाबाईलाही त्याच गाडीत बसवून बारामती गाठली. डेंग्यू निघाला. अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. सहा दिवसांनी पोर घरी आली.

ठमाबाईची मूठ अजून नीट मिटत नाही. चटका बाबानं दिला, पण तो देऊ दिला आम्ही. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर तो कशावर चालतो ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत कुणाला दोषी धरू नका. आणि पोर तापलं तर आधी डॉक्टरकडं न्या.