टँकरच्या बंपरवरून

वाहतूक खात्याच्या कुठल्याही नियमात माझं नाव नाही, तरी एका पाण्याच्या टँकरच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी माझ्यावर होती. मी बंपरला टांगलेली लिंबू-मिरची बोलतेय. गंमत बघा, स्टेअरिंग धरणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, मला मात्र पारखून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी कात्रजला मारुतीच्या देवळाबाहेर विकायला बसणाऱ्या यमुनाबाईंनी मला ओवलं. टँकरचे मालक रामदासशेठ यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि एक वाकडी मिरची बदलून घेतली.

"सेफ्टीत आपण तडजोड करत नाही," ते म्हणाले.

यमुनाबाईंनी केबिनकडे पाहिलं. "शेठ, डायवर नवा हाय?"

"घरचाच आहे. बायकोचा भाऊ, श्याम."

"आन् लायसन?"

"काढू की! गावाकडं ट्रॅक्टर चालवतो तो. ट्रॅक्टरला काय चाकं नसतात?"

यमुनाबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. मी काय बोलणार, माझं कामच लटकून राहण्याचं.

बंपरवर आधीच्या लिंबाचा दोरा अडकला होता, त्याच्याकडून मला पूर्वीची हकिकत कळली. आधीचे ड्रायव्हर नागोराव लायसनवाले होते, पण त्यांच्यात मोठा दोष होता. ते उतारावर गाडी हळू घ्यायचे. मग कर्वेनगरच्या सोसायटीत टँकर उशिरा पोचायचा आणि तिथले सेक्रेटरी अनिरुद्ध यांचा फोन यायचा, "अहो, टँकर निघालाय, की आपण अजून मुहूर्तच बघताय?" शेवटी शेठनी नागोरावांना घरी बसवलं. श्याम आला आणि टँकर वेळेआधी पोचू लागला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्यासाठी वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला. तो टँकर कसा आणतो, ते ग्रुपवर दिसत नव्हतं. मला दिसत होतं, मी सगळ्यांच्या पुढे होते.

श्याम माणूस वाईट नव्हता. रोज मला उदबत्ती ओवाळायचा, हात जोडायचा, मग ब्रेक कुठला नि क्लच कुठला याचा थोडा विचार करून गाडी काढायचा. आरशात बघून भांग पाडायचा. मागचं बघायलाही आरसा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. भरलेला टँकर रिकाम्यासारखा चटकन थांबत नाही, हेही नाही.

गुरुवारी कर्वेनगरच्या चौकात श्रद्धा नावाची मुलगी कॉलेजला जाताना स्कूटर थांबवून उभी होती. डोक्यावर हेल्मेट, सिग्नल लाल, पट्ट्याच्या अलीकडे. पुण्यात एवढं केलं की मागचे हॉर्न वाजवून हैराण करतात. श्यामने ब्रेक दाबला, पण फार उशिरा. आतलं पाणी हेलकावलं आणि टँकर सरकतच राहिला. समोर त्या मुलीची पाठ, आणि मी तिच्याकडे चालले होते. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. थांबवण्याचं माझं कामच होतं, असं सगळे म्हणत होते. मला काहीसुद्धा करता आलं नाही.

स्कूटर चाकाखाली गेली. श्रद्धा बाजूला फेकली गेली म्हणून वाचली, पण तिचा पाय गुडघ्याखाली मोडला.

गर्दी जमली. एक काका तिच्यावर वाकून म्हणाले, "काय घाई असते हो तुम्हा मुलांना?"

"काका, मी उभी होते," ती कण्हत म्हणाली.

हवालदारांनी लायसन मागितलं. तिनं पडल्यापडल्या पर्समधून काढून दिलं. श्याम खिसे चाचपत राहिला.

शेठ धावत आले आणि थेट माझ्यासमोर वाकले. "लिंबू सुकलंय! तरीच म्हटलं," असं म्हणून त्यांनी मला तोडलं आणि रस्त्यात भिरकावून दिलं.

तेव्हापासून मी याच चौकात पडून आहे. टँकर चौकीतून सुटलासुद्धा. आताच तो येताना दिसतोय. बंपरवर दोन नव्या लिंबू-मिरच्या, स्टेअरिंगवर शेठचा दुसरा मेहुणा.

रस्त्याच्या कडेनं एक बाई लेकीला शाळेत घेऊन चालल्या आहेत. मला बघून त्या दचकल्या. "अगं, त्याला पाय लावू नकोस! काहीतरी वाईट होतं," म्हणत त्यांनी मुलीला ओढलं आणि मला वळसा घालायला रस्त्याच्या मध्ये सरकल्या, टँकरच्या बाजूला.

अहो बाई, माझ्यावर पाय द्या. खुशाल तुडवा मला. मी कुणाचा जीव घेत नाही हो.