उषाबाईंना परतूर दाखवताना

पुण्याच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत सुट्टीचा विषय निघाला की कुणी महाबळेश्वरचं सांगे, कुणी मुंबईचं. अरुंधती परतूरचं सांगे. मोठ्या शहरांत बघण्यासारखं काय असतं, असं ती म्हणे. आमच्याकडे या, मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग बघा, दुधनेचा काठ बघा, माणसं कशी जीव लावतात ते बघा. परतूर तिचं माहेर. शेवटी शहात्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत इतिहास शिकवणाऱ्या उषाबाई खरंच तिच्यासोबत गाडीत बसल्या.

गाव त्यांना फार आवडलं. जिनिंग गिरणीच्या आवारात कापसाच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसून पाहिला. अरुंधतीची आई दुर्गाबाई रोज नवं काही करून खाऊ घाली. गावाचं कौतुक होई आणि अरुंधती सुखावे.

अशात एका सकाळी शिवकन्या दारात आली. ती आणि अरुंधती मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलेल्या. शिवकन्या बौद्धवाड्यातली, आता तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होती. शाळेच्या दिवसांत ती या घरी यायची ती ओसरीपर्यंत. अरुंधती मात्र तिच्या घरी कधीच गेली नव्हती.

"आरू, तू आल्याचं बाजारात कळलं," ती म्हणाली. "आज सांजच्याला पाव्हणीला घेऊन घरी ये. धपाटे करून राह्यले."

आई आत चुलीपाशी होती. भांड्यांचा आवाज थांबल्यासारखा अरुंधतीला वाटला. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, आज संध्याकाळच्याच गाडीनं निघतोय आम्ही."

शिवकन्येनं एकदा ओसरीकडे पाहिलं. दोरीवर अरुंधतीची आणि उषाबाईंची धुतलेली पातळं ओली होती. "बरं मंग," म्हणून ती गेली.

उषाबाईंनी विचारलं, आपण तर परवा निघणार ना? अरुंधतीनं सांगितलं की आई जुन्या वळणाची आहे, बौद्धवाड्यात जेवलो तर तिला वाईट वाटेल.

संध्याकाळी दोघी फिरायला निघाल्या. सकाळची गोष्ट अरुंधतीच्या मनातून पार गेली होती. उषाबाईंना कापसाच्या गाठी मालगाडीच्या वाघिणीत कशा चढवतात ते बघायचं होतं, म्हणून त्या स्टेशनाकडे वळल्या. पुण्याला जाण्यासाठी धरतात ती मनमाडकडे जाणारी गाडी उभी होती. आणि फलाटावर, फडक्यात बांधलेला डबा छातीशी धरून, शिवकन्या एकेका खिडकीतून आत डोकावत पुढे चालली होती.

अरुंधती थांबली. मागं फिरावं असं तिला वाटलं, आणि आपल्याला तसं वाटलं याचीच लाज वाटली. उषाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचीच मैत्रीण ना ती?"

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी हलली, फलाट मोकळा झाला आणि शिवकन्येनं वळून पाहिलं. दोघींच्या हातात सामान नव्हतं. पायांत घरच्या चपला होत्या.

"गाडी चुकली का?" शिवकन्येनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिनं ते मानूनही घेतलं असतं, हे अरुंधतीला कळत होतं. तिनं मान खाली घातली. "नाही. आज जायचंच नव्हतं."

"मला सकाळीच वाटल्तं," शिवकन्या म्हणाली. "पर म्हटलं, खरंच निघाली असली तर रस्त्याला उपाशी जाईल."

"आता येऊ तुझ्या घरी? आत्ता?"

"आज न्हाई." डबा तिनं दुसऱ्या हातात घेतला, उषाबाईंना नमस्कार केला आणि रूळ ओलांडून निघून गेली.

घरी आल्यावर अरुंधती आईजवळ बसली आणि झालेलं सगळं तिनं सांगितलं. दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पूर्वी मी नको म्हटलं असतं. आज तू मला विचारलं नाहीस. मी तर शिवकन्येचं बोलावणं ऐकून, तुम्ही तिच्याकडे जेवायला जाणार म्हणून दोघींची भाकरीही टाकली नव्हती."

आईच्या नावावर आपण काय काय खपवत आलो, ते अरुंधतीला त्या क्षणी दिसलं. बाजूला बसलेल्या उषाबाईंकडे बघायचंही तिचं धाडस झालं नाही.

पुढच्या दिवाळीत ती एकटीच शिवकन्येच्या घरी गेली. शिवकन्येनं सतरंजी अंथरली, चहा टाकला. नवऱ्याची, संपतची, ओळख करून दिली. वागण्यात कुठं उणं नव्हतं. अरुंधतीनं मागच्या वर्षीचं बोलायला तोंड उघडलं, तशी शिवकन्या कपबशी पुढं सरकवत म्हणाली, "साखर बघा बरं बराबर हाय का. तुम्ही कमी घेत असाल."

अरुंधतीनं चहा घेतला. तो गोड होता की कमी गोड, हे तिला सांगता आलं नाही.