कोरडं फडकं

सोसायटीच्या सेक्रेटरींनी बॉनेटवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि हळूच ओढलं. डॉक्टर नाडी बघत असावेत तशी भोवतीची मंडळी गप्प उभी होती.

"अडकत नाही," ते म्हणाले. "म्हणजे खोल नाहीयेत. पण आहेत बरं का. ऊन तिरपं आलं की सगळं उघडं पडतं. हे बघा."

तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई वाकल्या. गडद निळ्या रंगावर असंख्य बारीक रेघा चमकत होत्या. शेजारच्या जागेत आपली टॅक्सी लावणाऱ्या टॅक्सीवाल्याने 'च्यक्' केलं आणि गाडीच्या मालकांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथे थोडा वेळ राहिला, हे त्यांना फार बरं वाटलं.

मालकांचं आडनाव भलतंच काहीतरी होतं. पण रोज सकाळी हातात फडकं घेऊन गाडी पुसताना दिसायचे, म्हणून अख्खी इमारत त्यांना फडकेकाका म्हणायची. तोंडावर नाही, अर्थात. काकांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग ते छान वठवत. आपल्याला नाव ठेवण्याइतकी कुणाला फुरसत आहे, याचंच त्यांना अप्रूप होतं.

गाडी त्यांनी ताईसाठी घेतली होती. दोघं बहीणभाऊ, दोघांचीही लग्नं राहून गेलेली, जन्म एका छपराखाली काढलेला. ताईचे गुडघे गेले तेव्हा काका उतारवयात गाडी चालवायला शिकले. ताई मागच्या सीटवर राणीसारखी बसायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला घाबरून काकांना ओरडायची. ती गेली आणि गाडीचं बाहेर पडणं थांबलं. जायचं कुठे, आणि कुणाला घेऊन? अधूनमधून बॅटरीसाठी चालू करायची आणि बंद करायची, एवढंच. पण गाडीवर धूळ बसलेली ताईला खपत नसे, म्हणून पुसणं तेवढं चुकलं नाही. त्यांनी केलं नसतं तर कुणाच्या तरी नजरेला आलं असतं, असं दिवसभरात तेच एक काम होतं.

रेघा पहिल्यांदा दिसल्या तेव्हा काकांनी नुसतं वॉचमनला विचारलं होतं, गाडीजवळ कुणी आलं होतं का म्हणून. वॉचमनने ते सेक्रेटरींच्या कानावर घातलं, सेक्रेटरींनी शिक्षिकाबाईंच्या, आणि संध्याकाळी गाडीभोवती माणसं जमली. दुसऱ्या दिवशीही जमली. शिक्षिकाबाई चहाचा थर्मास आणू लागल्या. काकांनी घरातलं स्टूल खाली आणलं, मग बिस्किटांचा डबा. कुणी म्हणे, किल्लीने ओरबाडलंय. कुणी म्हणे, मागच्या बांधकामाची वाळू उडते. विषय गाडीवरून निघायचा आणि पाण्याच्या टाकीवर नाहीतर कुणाच्या तरी सुनेवर जाऊन पोचायचा. ताई गेल्यावर जिन्यात "फार वाईट झालं" म्हणून ज्यांनी काढता पाय घेतला होता, तीच माणसं आता "काका, जेवलात का?" असं विचारत होती. काकांना दुपारपासूनच संध्याकाळची ओढ लागायची. मंडळींना रेघा नीट दिसाव्यात म्हणून हल्ली ते दुपारीही एकदा गाडी पुसून ठेवत.

आणि आज गुन्हेगार सापडला होता.

"मांजरं," सेक्रेटरी म्हणाले. "दुसरं कोण? त्या वरच्या बाईंची."

वरच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. संध्याकाळी वाडगा घेऊन खाली यायच्या आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी मांजरांना खायला घालायच्या. मांजरांशी पुष्कळ बोलायच्या, माणसांशी कामापुरतंच.

"पालिकेची गाडी बोलावू, उचलून नेतील," सेक्रेटरी म्हणाले. "अर्ज मी लिहितो. सही तेवढी तुमची, तक्रारदार तुम्ही. पण आधी गाडीला पॉलिश करून घ्या, वरून कोटिंग मारा. मग एक जरी नवा ओरखडा दिसला, तरी तोच पुरावा."

काकांनी मान डोलावली. इतक्या आपुलकीने बोलणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पॉलिशवाल्याने गाडी धुतली, आत घेतली आणि शटर अर्धं ओढलं. मग एक लांब वायरचा दिवा काकांच्या हातात दिला.

"जरा टपावर धरता का? बघू कुठे कुठे काम आहे."

काकांनी दिवा धरला. टपाच्या कडेने रेघांचं नुसतं जाळं होतं, स्टीलच्या पातेल्याला घासणीने पडतं तसं. दिवा जरा आत सरकवला तर रेघा विरळ झाल्या. आणखी आत सरकवला तर संपल्याच. टपाच्या मधोमध पट्टाभर रंग असा होता की गाडी आजच आणलीय असं वाटावं. काका पलीकडच्या बाजूला गेले. तिकडेही तेच.

त्यांनी दिवा डाव्या हातात घेतला. टाचा उचलल्या आणि रोज सकाळी टाकायचे तसा उजवा हात टपावर टाकला. बोटं जिथे थांबली, तिथेच रेघाही थांबल्या होत्या.

"पुसता कशाने?" पॉलिशवाला यंत्राची वायर सोडवत होता.

"फडक्याने. जुनी चादर आहे. मऊ आहे चांगली."

"कोरडंच?"

"कोरडंच. रोज."

"मग ती धूळच घासली जाते रंगावर. सगळ्यांचं तेच असतं, काका. निघेल सगळं, काळजी करू नका."

यंत्र घरघरू लागलं. काका बाकावर बसून आपला उजवा तळवा बघत राहिले.

संध्याकाळी ते गाडी घेऊन निघाले तेव्हा पॉलिशवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "आता हात लावायचा नाही. धूळ बसली तर बसू दे, पाण्याने धुवायची. कोरडं फडकं अजिबात नाही."

वाटेत काकांनी सगळा विचार करून पाहिला. रेघा गेल्या होत्या. पॉलिशवाला इमारतीतल्या कुणाला ओळखत नव्हता. आपण गप्प बसलो तर कुणाला काय कळणार? मांजरं जातील, पण मांजरांना काय, कुठेही राहतात. आणि खरं सांगितलं तर उद्यापासून खाली कोण येणार? हा शेवटचा प्रश्न मनात आला तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली, तरी तो काही जाईना.

मंडळी वाटच बघत होती. गाडी आत शिरताच टॅक्सीवाल्याने शिट्टी वाजवली. शिक्षिकाबाई बॉनेटच्या चकाकीत बघून केस सारखे करू लागल्या आणि सगळे हसले. सेक्रेटरींनी अर्जाचा कागद बॉनेटवर ठेवला, मग जीभ चावून पटकन उचलला आणि स्टुलावर ठेवला.

"इथे सही करा, काका."

नेमक्या तेव्हाच वरच्या बाई वाडगा घेऊन जिना उतरल्या. बाईंनी कागद पाहिला, माणसं पाहिली.

"काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे गेल्या. पण वाडगा खाली ठेवून त्या मांजरांच्या आणि मंडळींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

काकांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"मांजरांनी नाही केलं," ते म्हणाले. "मीच केलं. रोज कोरडं पुसून पुसून. टपाच्या मध्ये माझा हात पोचत नाही, तिथे एकही रेघ नव्हती."

सगळ्यांच्या नजरा टपाकडे गेल्या. मग शिक्षिकाबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदराआड दाबलं.

"म्हणजे इतके दिवस आम्ही इथे काय करत होतो?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तुम्ही येत होता," काका म्हणाले. "मला बरं वाटत होतं."

पण ते इतकं हळू म्हणाले की सेक्रेटरींना ऐकू गेलं नाही. ते कागदाच्या घड्या घालत होते. "चला, मिटलं एकदाचं," असं म्हणून ते वळले. टॅक्सीवाल्याला भाडं आलं. थर्मास तसाच भरलेला वर गेला.

त्यानंतर खाली कुणी जमलं नाही. भेटले की हसायचे, "काय काका, हाताची घडी ना?" असं विचारून पुढे जायचे. काका तरीही स्टूल घेऊन बसत. सकाळी हात शिवशिवायचे, पण गाडीला लावायचे नव्हते.

एका संध्याकाळी वरच्या बाई वाडगा घेऊन जाता जाता थांबल्या.

"माझी मांजरं तुमच्या गाडीवर कधी बसलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "गार असते ती. टॅक्सी येते ना बाहेरून तापून, तिच्यावर बसतात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कुणी?" बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे एवढे रंगात आला होतात."

त्या भिंतीकडे गेल्या. त्यांनी आभार मानले नाहीत आणि काकांनाही ते अपेक्षित नव्हते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर काकांनी गाडी काढली. ताईला घेऊन जायचे त्या दवाखान्यापर्यंत गेले, फाटकापाशी न थांबताच वळले आणि परत आले. गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग भिंतीवरून एक पिवळसर मांजर उतरलं, टॅक्सीच्या रिकाम्या जागेत घोटाळलं आणि काकांच्या गाडीच्या बॉनेटवर चढलं. नव्या चकाकीवर धुळीचे ठसे उमटले. मांजराने एक गिरकी घेतली, अंगाचं वेटोळं केलं आणि डोळे मिटले. काकांनी खोकलासुद्धा दाबून धरला. पत्रा निवला तसं ते उठून निघून गेलं.

पुढच्या दिवशी काका लांबच्या रस्त्याने गेले. त्या रस्त्याला चढ होता आणि चढावर इंजिन जास्त तापतं.