दोन खुर्च्यांमधला हात

मी हात बोलतोय. दचकू नका, माणसाचा नव्हे, खुर्चीचा. सिनेमा थिएटरात दोन खुर्च्यांच्या मधे जो एकच हात असतो आणि ज्याच्यावर दोन अनोळखी माणसं आपापला हक्क सांगतात, तो मी.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने मला रंधा मारला, पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलं, मग स्वतःचं कोपर माझ्यावर टेकवून पाहिलं आणि म्हणाला, "बरा आहे." माझ्यावर झालेलं ते पहिलं परीक्षण. दोनच शब्दांचं, पण मनापासूनचं. पुढे माझ्यावर लाल रेक्झीन चढलं, खाली दोन स्क्रू बसले आणि मी या अंधाऱ्या, गारेगार हॉलमधे कायमचा मुक्कामाला आलो.

माझी काही भावंडं रांगेच्या टोकाला बसवलेली आहेत. त्यांना एकाच माणसाचं कोपर सांभाळायचं असतं. आराम आहे, पण बिचारी कंटाळतात. माझ्या वाट्याला दोघं येतात, आणि दोघं आले की गंमत आलीच. आधी एकाची करंगळी येते, अगदी सहज आल्यासारखी. मग मनगट. मग अख्खं कोपर. दुसरा काही बोलत नाही, फक्त खाकरतो आणि आपलं कोपर पाव इंच पुढे सरकवतो. तोंडातून ब्र न काढता दोन भली माणसं अडीच तास भांडू शकतात, हे मी याची देही याची डोळा पाहिलंय. नवी जोडपी मी मधे आहे म्हणून हळहळतात. जुनी जोडपी मी मधे आहे म्हणून निवांत असतात.

हाताला काय कळतं सिनेमातलं, असं तुम्ही म्हणाल. मला सगळं कळतं, आणि पडदा न बघता कळतं. सिनेमा चांगला असला की दोघंही मला विसरतात. कोपरं पुढे जातात, गुडघ्यांवर टेकतात. सिनेमा रटाळ असला की सगळ्यांना माझी आठवण होते. म्हणून मला वाईट सिनेमे मनापासून आवडतात. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक समीक्षक यायचे. अजूनही येतात. दर शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ, आणि माझ्या डावीकडची खुर्ची. वर्तमानपत्रात त्यांना एक छोटीशी चौकट होती. सिनेमा केवढाही असो, निकाल चार ओळींत. ते काय लिहितात ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं, कारण लोक पेपर घेऊनच यायचे आणि दिवे मालवेपर्यंत शेजारच्याला वाचून दाखवायचे.

एका प्रेमकथेवर त्यांनी लिहिलं होतं, "या दोघांचं जमणार हे पोस्टरवरच कळतं. पुढचे दोन तास दिग्दर्शकाला कळायला लागतात." एका भुताच्या सिनेमावर, "भूत सोडून सगळे घाबरलेले आहेत. भूत मात्र शेवटपर्यंत कंटाळलेलं दिसतं." एका विनोदी सिनेमावर, "हा विनोदी आहे असं जाहिरातीत छापलंय. बरं झालं सांगितलं." आणि एकदाच, पडद्यावर फारसं काही घडत नसलेल्या एका साध्याशा सिनेमावर, "जा. मी काही सांगत नाही. तुम्ही जा." त्या आठवड्यात हॉल खच्चून भरला होता आणि कोपर माझ्यावर एकाचंही नव्हतं.

पेपरातल्या या माणसाची जीभ कात्रीसारखी चालायची. प्रत्यक्षात मात्र अगदी गरीब माणूस. डोअरकीपरला आधी "चहा झाला का?" विचारल्याशिवाय तिकीट पुढे करायचे नाहीत.

पुढे एका शुक्रवारी ते एकटे आले नाहीत. त्यांच्या दंडाला धरून एक बाई आल्या आणि माझ्या उजवीकडे बसल्या. त्यांची थोरली बहीण. ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड कळायचा, काहीतरी हललं तर कळायचं, बाकी सगळं धुरकट. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या.

"घरात बसून बसून जीव आंबलाय माझा," ताई म्हणाल्या. "बोलणं ऐकू येतंच की. जे दिसणार नाही ते तू सांग, छोट्या."

छोट्या! ज्याच्या चार ओळींना सगळे निर्माते वचकून असायचे, त्या साठीला टेकलेल्या माणसाचं नाव छोट्या. मला हसू आवरेना. नशीब, लाकडाला हसता येत नाही.

तेव्हापासून माझ्यावर दोन कोपरं आली, पण भांडण नाही. दोघं माझ्याकडे झुकून बसायची आणि समीक्षक कुजबुजायचे. मागचे लोक चुकचुकायचे, म्हणून दोन संवादांच्या मधे जेवढी फट सापडेल तेवढ्यातच सांगायचं. "दार उघडलं. तीच आहे. भिजलीय." किंवा, "बाप बघतोय. बोलणार नाही." नेमकं तेवढंच. पहिल्या दिवशी त्यांनी जे होतं तेच सांगितलं. सिनेमा भिकार होता. "अजून भांडतायत. अजून. अजूनही." ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "एवढंच असतं होय सिनेमात?"

पुढच्या शुक्रवारपासून समीक्षक थोडी भर घालायला लागले. नायिकेने नुसतं पत्र फाडलं, तर हे सांगायचे, "फाडलं. तुकडे परत जुळवतेय." पळून जाणारा चोर नुसता पळाला, तर हे त्याला वाटेत एका म्हातारीची पिशवी उचलायला लावायचे. ताई खूश. पडद्यावर एक सिनेमा चालायचा आणि माझ्यावर दुसरा. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच सिनेमाची चामडी लोळवलेली असायची. ताईंना घरी पेपर वाचून दाखवायचे तेही हेच, त्यामुळे तिथेही सगळं गोड गोड. हा माणूस एकाच सिनेमाचे दोन निकाल लावतो हे मला, डोअरकीपरला आणि त्याला स्वतःलाच ठाऊक होतं.

मग तो कोर्टाचा सिनेमा आला. इस्टेटीवरून बापाने लेकावर घातलेली फसवणुकीची केस, आणि भाषणंच भाषणं. समीक्षकांचा मध्यंतराआधी डोळा लागला. त्यांचं कोपर माझ्यावर असं सैल पडलं की मला खांदा असता तर मीच त्यांना हलवलं असतं. दिवे लागल्यावर ते दचकून जागे झाले आणि उत्तरार्ध कसाबसा डोळे ताणून बघितला. शेवटी एकदाचा न्यायाधीशांनी निकाल दिला, पडदा काळा झाला, संगीत सुरू झालं आणि खालून वर पांढरी नावं सरकायला लागली. लोक भराभर उठले. खुर्च्यांचे धाडधाड आवाज झाले.

"संपला?" ताईंनी विचारलं. आवाजात इतकी निराशा होती की समीक्षक अर्धे उठलेले परत बसले.

"नाही ग. खरा सिनेमा तर आता सुरू होतोय."

"मग लोक का उठले?"

"अडाणी आहेत. घाई झालीय त्यांना." मग त्यांनी माझ्यावर कोपर रोवलं. "त्या मुलाची आई आहे ना, जिला अख्ख्या सिनेमात कुणी विचारलं नाही, ती घराबाहेर पडलीय. पिशवी एकच. गाडीत बसली. खिडकी मिळाली. गाडी सुटली. बाहेर रात्र आहे."

"अरे हो! पांढरं पांढरं काहीतरी सरकतंय. मला दिसतंय!" ताई एकदम लहान मुलीसारख्या ओरडल्या.

"ते दिवे. स्टेशनाबाहेरचे."

"पण ते वर का चाललेत?"

समीक्षकांनी पडद्याकडे पाहिलं. "चढ आहे," ते म्हणाले. "आता तिने पिशवीतून संत्रं काढलं. सोलतेय. एकेक फोड खातेय. समोरचा बघतोय, पण त्याला देत नाही."

"छान केलं," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "आयुष्यभर वाटत बसली असेल."

दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, "वकील बोलतो, न्यायाधीश बोलतात, नायक तर बोलतच सुटतो. शेवटी आरोपी निर्दोष सुटतो. जन्मठेप प्रेक्षकाला."

पुढे बरेच शुक्रवार ताई आल्या नाहीत. समीक्षक एकटे यायचे, माझ्यावर कोपर टेकवायचे आणि गप्प बसायचे. मला करमेना. मग एकदा त्यांनीच डोअरकीपरला सांगितलं, की ताई आपणहून ऑपरेशनला तयार झाल्या आणि दोन्ही डोळे छान झाले. सांगताना माणूस आनंदात होता, पण चेहऱ्यावर काळजी.

"ती म्हणते, डोळे आले, आता तोच सिनेमा दाखव. ती संत्रंवाली बाई मला बघायचीय."

आणि नेमका त्याच सुमारास नवा सिनेमा वेळेवर आला नाही, म्हणून आमच्या मालकांनी जुना लावला. कुठला, ते सांगायला नकोच.

त्या शुक्रवारी ताई आपल्या पायांनी आल्या. कुणाचा दंड न धरता. मला त्यांनी पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "शी, किती मळलाय हा!" ऐकून मला वाईट वाटलं, पण माणूस बरा झाल्याचं बरंही वाटलं. सिनेमा सुरू झाला. ताई बघत होत्या आणि समीक्षकांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांचं कोपर घामाने चिकट झालं होतं. आणि मग मध्यंतराच्या आधी पडद्यावर एकच आकांत झाला.

दिवे लागले. ताई बाहेरची पोस्टरं बघायला गेल्या. समीक्षकांनी डोअरकीपरला जवळजवळ ओढूनच आणलं.

"अहो, ती आई मेली की!"

"मागच्या वेळीही मेली होती, साहेब."

"मग मला कळलं कसं नाही?"

"तुम्ही झोपला होतात. मी टॉर्च मारून बघितलं होतं."

समीक्षक डोकं धरून बसले. "मेलेल्या बाईला मी गाडीत बसवलं. संत्रं खायला दिलं. आता ताईला कळणार, मी तिला सगळे खोटेच सिनेमे दाखवले. मागचे सगळेच. परत माझ्याशेजारी बसेल का हो ती? मला दुसरं काही नको, शुक्रवार मोडायला नको."

ताई आल्या तसा डोअरकीपर सटकला.

उत्तरार्धातली ती भाषणं त्या दिवशी मलासुद्धा लांबल्यासारखी वाटली. जीव टांगणीला लागला होता. निकाल लागला, पडदा काळा झाला, संगीत सुरू झालं आणि नावं वर सरकायला लागली. लोक उठले, खुर्च्या वाजल्या. ताई हलल्या नाहीत. टक लावून एकेक नाव बघत राहिल्या.

"ताई, चल," समीक्षक म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"कसली घाई आहे?"

"ताई, ती आई..."

"ती इंटरवलच्या आधीच गेली."

"मला त्या दिवशी झोप लागली होती ग. म्हणून..."

"माहितीय. घोरत होतास. आणि ती त्या दिवशीही आधीच गेली होती. केवढे रडत होते सगळे! मला डोळे नव्हते, छोट्या. कान होते."

समीक्षकांचं कोपर माझ्यावरून घसरलं. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू गाडी थांबवली असतीस."

मग ताईंनी त्यांचा हात ओढून परत माझ्यावर ठेवला आणि वर आपला ठेवला.

"आता मला दिसतं म्हणून तू गप्प बसणार आहेस का? सकाळपासून एक शब्द बोलला नाहीस. त्याचीच मला भीती होती, म्हणून तर इतके दिवस ऑपरेशन टाळलं." मग त्यांनी ते नवेकोरे डोळे घट्ट मिटून घेतले. "हं, सांग. ती उतरली कुठं?"

समीक्षक खाकरले. दोनदा खाकरले. "उतरली नाही अजून," ते म्हणाले. "झोप लागलीय तिला. तिचं स्टेशन मागं गेलं. समोरचा माणूस उठवावं की नाही याचा विचार करतोय."

"नको म्हणावं," ताई म्हणाल्या. "झोपू दे."

डोअरकीपर झाडू घेऊन रांगेच्या टोकाशी उभा होता. तोही झाडायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी लोकांनी माझ्यावर पेपर पसरून वाचलं, "या सिनेमावर मी पूर्वी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन झोपेत लिहिल्या. सिनेमा पूर्ण जागं राहून पाहिला तरी वाईटच आहे. शेवटी नावं येतात तेव्हा मात्र उठू नका."

झालं! तो सिनेमा असेपर्यंत लोक नावं संपेपर्यंत बसून राहायचे. काहीतरी येणार म्हणून डोळे फाडून पडद्याकडे बघायचे. काही यायचं नाही. मग एकमेकांकडे बघायचे, आणि कुणीतरी शेजारच्याशी दोन शब्द बोलायचं. डोअरकीपर वैतागला, त्याची झाडलोट लांबायची. मी मात्र मजेत होतो.

आता माझं वय झालंय. एक स्क्रू ढिला आहे, रेक्झीन एका कोपऱ्यात उसवलंय, आणि माझ्यात भोक पाडून पेला ठेवायची जागा करावी असा मालकांचा विचार चाललाय म्हणे. पाडोत. तक्रार नाही. शुक्रवारी सकाळी डावीकडे समीक्षक असतात, उजवीकडे ताई. दोघांनाही स्वच्छ दिसतं, तरी कुजबुज चालूच असते. आता ताईसुद्धा भर घालतात, आणि त्यांची भर जास्त चावट असते.

तुम्ही कधी आलात तर एक ऐका. सिनेमा वाईट निघाला तर खुशाल निघू द्या, पण बरोबर कुणाला तरी घेऊन या. आणि त्याचं कोपर माझ्यावर आलं तर खाकरू नका. असू द्या. दोघांचं मावतं.