लिमिट नसलेला रिझल्ट

आप्पांना यकृताचा कॅन्सर आहे आणि तो ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय, हे पुण्याच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं. गोळ्या होत्या. त्या घेतल्या तर दोन-तीन महिने जास्त मिळू शकतात, पण जुलाब होतात आणि तळपायांची साल निघते, तेही सगळ्यांना नाही. मग डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी आप्पांचं थोडं रक्त मागितलं.

"गाठीला वाढायला रक्त लागतं," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठी ती एक प्रथिन सोडते आणि नवीन रक्तवाहिन्या तयार करून घेते. ते प्रथिन रक्तात जास्त असलं, तर आजार वेगानं पुढे जातो असं दिसतंय. ते कितपत खरं आहे, हेच आम्ही तपासतोय."

आप्पांनी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, क्वालिटीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली होती. त्यांनी विचारलं, "लिमिट काय?"

"लिमिट अजून ठरलेली नाही. पाचशेच्या वर असलेल्यांचं जरा लवकर बिघडलं, इतकंच."

"म्हंजी मेथड अजून व्हॅलिडेट व्हायचीय."

"बरोबर. म्हणून या आकड्यावर औषधाचा निर्णय घ्यायचा नाही."

रिपोर्ट हातात मिळेल असं लिहून घेतल्यावरच आप्पांनी संमतीपत्रावर सही केली. दौंडला परतताना डेमू गाडीत केडगाव येईपर्यंत त्यांनी त्याच आकड्यावर औषधाचा निर्णय घ्यायचं ठरवलं होतं. पाचशेच्या आत आला तर गोळ्या. वर आला तर नाही.

"पायाची साल काढून घिऊन खाटंवर पडायचं, त्यापरीस हाय तवर चालीन," ते म्हणाले.

मी त्यांची मुलगी, शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रजा टाकून मीच रिपोर्ट आणायला गेले. आकडा आठशे बारा होता.

पुस्तकांची लेबलं करावी लागतात म्हणून माझ्या पर्समध्ये व्हाइटनरचं पेन असतं. इंग्रजी आठाचा डावा भाग झाकला की तीन उरतो. पुणे स्टेशनच्या बाकावर मला हे करायला दोन मिनिटं लागली. वाळायला आणखी तीन. दौंडला उतरून मी त्याची झेरॉक्स काढली. मला आप्पांनी गोळ्या घ्यायला हव्या होत्या.

घरी मीरासाहेबकाका आलेले होते. ते लॅबमध्ये आप्पांच्याच शिफ्टला असायचे. आप्पांनी चष्मा लावला.

"झेरॉक्स हाय ही."

"हो."

"ओरिजिनल?"

"गाडीत राहिली बहुतेक."

"मग टेस्ट झालीच न्हाई."

"आप्पा, तीनशे बारा आलाय. दिसतोय की."

"पोरी," मीरासाहेबकाका म्हणाले, "मी एकदा प्रिंटवर तारीख टाकायची इसरलो, तर ह्या माणसानं आख्खी बॅच अडवली. मॅनेजर पाया पडायचा तेवढा बाकी ऱ्हायला. आन् तू ह्याला झेरॉक्स दावतीस?"

"तारीख न्हवती म्हंजी न्हवती," आप्पा म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आन् ह्यो तीन लई रोडावलाय. कडंच्या आकड्यांत बसत न्हाई."

मी पर्समधून ओरिजिनल काढली. आप्पांनी तिच्यावर नखानं खरवडलं. पांढऱ्या कपच्या त्यांच्या बनियनवर पडल्या. मीरासाहेबकाका पंख्याकडे बघायला लागले.

"व्हाइटनर," आप्पा म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "लॅबमदी हे सापडलं की मेमो. खोडायचं कसं, म्हायतीय?"

"नाही."

"एकच रेघ. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. आन् कारण." त्यांनी झेरॉक्स माझ्यापुढं सरकवली आणि पेन दिलं.

मी तीनशे बारावर रेघ मारली, आठशे बारा लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

"कारण काय लिहू?"

"जे झालं ते."

मी लिहिलं, 'गोळ्या घ्याव्यात म्हणून बदलला.' आप्पांनी ते दोनदा वाचलं आणि कागद मीरासाहेबकाकांकडे दिला.

"मी कशाला?"

"करणारा आन् तपासणारा येगळा लागतो."

"आरं, रिटायर होऊन सहा वर्सं झाली मला."

"सही रिटायर होत न्हाई. कर."

त्यांनी केली. मग कुणाला चहा हवा का, असं मी विचारलं. कुणालाच नको होता.

पुढचे तीन दिवस मी भांडले. डॉक्टरांनी या आकड्यावर ठरवू नका म्हणून सांगितलं होतं, हे मी निरनिराळ्या शब्दांत मांडलं. "मग कशावर ठरवू? तुझ्या तीनशे बारावर?" एवढंच आप्पा म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी मी शिरूरच्या एसटीसाठी निघाले, तेव्हा ते दारापर्यंत आले.

"रश्मे, तू म्हणत असशील तर घेतो. सालीचं बघू. पर तू म्हण."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला घातलेल्या होत्या. मीरासाहेबकाकांबरोबर ते रेल्वे कॉलनीपर्यंत फेरी मारायला निघाले होते.

गोळ्या घ्या, असं मी म्हटलं नाही.

शेवटचे बारा-तेरा दिवस सोडले तर ते रोज चालले. जूनच्या नऊ तारखेला गेले. रक्त दिल्यापासून एकशे नऊ दिवस.

जुलैत अभ्यासाच्या ऑफिसातून मोनाली नावाच्या मुलीचा फोन आला. रक्ताच्या दुसऱ्या नमुन्याची तारीख होऊन गेली होती. मी सांगितलं. तिला वाईट वाटलं, आणि तिनं तारीख विचारली.

"गोळ्या सुरू होत्या का?"

"नाही."

"कारण सांगाल, मॅडम? माझ्याकडे चार पर्याय आहेत. साइड इफेक्ट, खर्च, पेशंटचा निर्णय, नातेवाइकांचा निर्णय."

"शेवटचे दोन," मी म्हणाले.

"एकच टिक होतं, मॅडम. नाहीतर फॉर्म पुढे जात नाही."

तिच्यामागे कुणीतरी दुसऱ्या फोनवर बोलत होतं.

"पेशंटचा," मी म्हणाले.